वयनीच्या भाताची मुळं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापुढेही नाही. धाकटा भाऊ वारला तेव्हा एकदा बोलावंसं वाटलं होतं — पण मूग गिळून बसायची सवय अशी सुटते थोडीच?

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. काचेच्या नळ्या धुवायच्या, नमुने वाळवून कुटून द्यायचे. गोवा राज्य झालं त्या वर्षातली गोष्ट. कोकणी की मराठी, यावर मी डिचोलीच्या बाजारात चहा निवेपर्यंत तावातावाने भांडायचो. मला वाटायचं, आपण खरं बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. हसलात तरी चालेल.

डिचोलीजवळच्या लाटंबार्शाला, खाणीखालच्या गावात, माझ्या चुलतभावाची विधवा, शेवंतीवयनी, एवढंसं शेत कसून राहायची. वरच्या खाणीतला गाळ पावसात ओहळाने थेट तिच्या भातात यायचा. भात मात्र हिरवंगार. गावाला तेच तर कळेना — मातीत विष असेल तर रोप मरायला नको?

आमचे वनस्पतिशास्त्राचे सर म्हणायचे, हिरव्या रंगाची साक्ष धरू नये. भाताचं रोप बरेचसे धातू मुळांतच अडवून धरतं. पण लोखंड, मँगनीज, शिसं असे तीन-चार एकदम आले, की कोण कधी वर सरकेल याचा नेम नाही. "मुळं आण," ते म्हणाले. "खरं काय ते मुळांत कळेल." सरांचा अहवाल वाईट आला तर खाणीचे ट्रक अडवायचे, असं गावाने ठरवलं होतं.

आणि त्याच खाणीवर माझा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. बघा — लागलोच सबब सांगायला! त्याने मला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. जे केलं ते माझं मी केलं.

वयनीने रोपं स्वतः उपटली, केळीच्या पानात बांधून दिली. "मुळांसकट काडल्यात, भावजी. माती लेगीत धुवूंक ना." मातीसुद्धा धुतली नव्हती; मुळांवर गंजासारखा तांबूस थर होता. कॉलेजमागच्या नळावर, भर दुपारी, मी ती मुळं कापली. गटारातून लालसर पाणी गेलं. सरांना बऱ्याच दिवसांनी सांगितलं, मुळं कुजली होती, टाकून दिली. पुन्हा आणावीत तर तोवर कापणी होऊन शेतात नांगर फिरला होता. त्यांनी पानं आणि दाणे तेवढे तपासले. दाण्यात फारसं काही सापडलं नाही — त्या वर्षी.

अहवाल इंग्रजीत. शेवटी स्पष्ट लिहिलेलं, की मुळं मिळाली नाहीत, म्हणून हे धान्य निर्धोक आहे असं म्हणता येणार नाही. वयनीच्या अंगणात, जमलेल्या माणसांपुढे, तो मीच वाचून दाखवला. ती ओळ सोडून. ट्रक अडले नाहीत.

इथवर सांगून थांबता आलं असतं. पण मला छळतं ते पुढचं आहे.

वयनी लगबगीने आत गेली आणि पेज घेऊन आली. त्याच शेताचा उकडा तांदूळ. "पयली वाटी तुमकां, भावजी. तुमी आशिल्ले म्हूण भंय गेलें." वाटी हाताला गरम लागत होती. आणि मी म्हणालो — आज माझा उपास आहे.

तिने ती वाटी आपल्या नातीपुढे सरकवली. पोर चार-पाच वर्षांची. तिने पेज संपवली, बोटं चाटली, आणखी मागितली. मी समोर बसून बघत होतो. वाटी काढून घ्यायला कितीसा वेळ लागतो? एक शब्द पुरला असता की नाही?

नंतर जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा माझा उपासच. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी. "आमचे भावजी व्हड देवभक्त," वयनी शेजारणींना सांगायची, आणि मी मान डोलवायचो. गाळ वाढत गेला, दाणा बारीक झाला, अर्धं शेत पडीक पडलं. उरलेल्या अर्ध्याचा तांदूळ त्या घरात शिजत राहिला. कुणाला काही झालं का? माहीत नाही. कुणी तपासलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला लाज वाटते, हे इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मागच्या महिन्यात गेलो होतो. वयनीला आता दिसत नाही. पायरीवर बसलो, खोकलो, तशी ती आवाजावरून ओळखून आत नातीला म्हणाली, "तांकां पेज वाडूं नाका गो. तांचो उपास आसतलो."

नातीने दोन केळी आणून ठेवली. मी ती खाल्ली आणि घरी आलो.