अक्षतांमध्ये सोयाबीन

माझी डावी बाजू सोयाबीनची आहे, ही गोष्ट आमच्या भाचीच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला एकाच वेळी कळली.

आता सोयाबीन तिथे गेलं कसं, ते सांगते. गेल्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला. लातूरच्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, मग केमो सुरू झाले. आजार परवडला पण फोन आवरा, अशी अवस्था झाली! सकाळी रेणापूरच्या मावशी गुळवेलाचा काढा सुचवायच्या. दुपारी उदगीरचे काका 'धीर सोडू नको' असं सांगता सांगता स्वतःच हुंदके द्यायचे आणि मी त्यांची समजूत घालायची (सलाइन लावलेल्या हातात फोन धरून!). शेवटी मी ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'गाठीभेटी'. पहिल्याच दिवशी लिहिलं, 'कॅन्सरने माझी डावी बाजू खाल्ली. यापुढे जे होईल ते इथे खरं खरं लिहीन, कृपा करून फोन करू नये.' मग केस कसे गेले, वरणाला लोखंडाची चव कशी लागते, टक्कल पाहून नवा दूधवाला 'दादा, ताई हायत का घरात' असं मलाच कसं विचारून गेला, सगळं लिहून टाकलं. फोन काही थांबले नाहीत. लोक आता ब्लॉग वाचून त्यावर बोलायला फोन करू लागले.

शेवटचा केमो जवळ आला होता, तेव्हा शोभा घरी आली. शोभा म्हणजे माझी धाकटी नणंद, अहमदपूरला असते. तिच्या मुलीचं, श्रुतीचं लग्न नांदेडच्या घरात ठरलं होतं. श्रुती अकरावी-बारावीला आमच्याकडे राहिलेली, तिच्या क्लासच्या वेळा मला माझ्या गोळ्यांच्या वेळांपेक्षा जास्त पाठ होत्या. मामी म्हणून तिच्याशेजारी उभं राहायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी सगळ्या सुया मुकाट्याने टोचून घेत होते.

"वैनी, एक सांगू का? राग मानू नका. लग्न होईपर्यंत ते नेटवर लिव्हायचं बंद ठेवा," शोभा म्हणाली.

"का गं?"

"मुलाकडच्यानी वाचलं तर? घराण्यात कॅन्सर हाय म्हणतील. सोयरीक मोडंल माझ्या लेकीची!"

"अगं, मी मामी आहे! माझा आणि श्रुतीचा रक्ताचा संबंधच नाही."

"लोकं एवढं कुठं बघतेत, वैनी?" तिचे डोळे भरून आले. "आन् लग्नात तुमी जरा... पहिल्यासारख्या दिसा."

मला राग आला. चांगला सणसणीत आला. पण श्रुतीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी कबूल झाले. शेवटच्या केमोला निघाले आहे, एवढं लिहून ब्लॉग बंद ठेवला.

केसांचा प्रश्न विगने सोडवला. उरला दुसरा प्रश्न. दवाखान्यातून कापसाची एक गादी मिळाली होती, पण ती इतकी हलकी, की सकाळी जागेवर असायची आणि दुपारपर्यंत गळ्याशी यायची! सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मागवला होता, तो कुरिअरवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे 'वाटेत' होता. आमच्या ह्यांची मार्केट यार्डात आडत आहे, त्यांचा जन्म वजनकाट्यापुढे गेला. त्यांनी गादी हातात घेऊन झेलली आणि निदान केलं.

"ह्यात वजन न्हाई. भरीव माल पाहिजे."

मग जेवणाच्या ताटावर सभा भरली.

"तुरीची डाळ भर," सासूबाई म्हणाल्या (मी त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या राज्यात ज्वारीचा दाणासुद्धा खाली पडून राहत नाही, ओल्या बोटाने उचलला जातो).

"टोचंल की! डाळीला कड असती," हे म्हणाले.

"मग मोहरी."

"शिवणीतून गळंल. सोयाबीन घे. गोल हाय, गुळगुळीत हाय, आन् गोडाऊनात पडून हाय!"

ज्या मालाला त्या हंगामात बाजारात कुणी विचारत नव्हतं, त्याला अशा रीतीने माझ्याकडे जागा मिळाली. वजन दोन्हीकडे सारखं हवं म्हणून ह्यांनी दुकानातला इलेक्ट्रिक काटा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला. उजव्या बाजूचं वजन कसं केलं ते विचारू नका. मी काट्यावर वाकले आणि आत्यांनी देवघराकडे तोंड फिरवलं, एवढंच सांगते. कहर म्हणजे आकडा आल्यावर ह्यांनी हिशोबातून कडता, म्हणजे मालातल्या कचऱ्याची घट, कापला!

"अहो, कडता काय कापता? मी काय पोती घेऊन आलेली शेतकरी आहे का?"

"सवय गं!" हे ओशाळून म्हणाले आणि मूठभर माल परत टाकला. "मॉईश्चर मात्र मशीनवर बघितलंय. दहा टक्क्याच्या आत हाय. बिनघोर जा."

आत्यांनी मऊ धोतराची पिशवी शिवली आणि तोंडाला दुहेरी टाका घातला. मी ती घालून आरशापुढे उभी राहिले. किती महिन्यांनी दोन्हीकडे सारखी दिसत होते! मी दार लावून घेतलं आणि थोडी रडले. मग तोंड धुऊन बॅग भरायला घेतली.

डॉक्टरांनी मास्क लावून जायची परवानगी दिली होती. अहमदपूरच्या मंगल कार्यालयात हळदीला कुणालाही काही कळलं नाही. शोभा लांबून माझ्याकडे बघायची आणि समाधानाने मान हलवायची. पण हळद लागली, की पोरी मामा-मामीला भिजवणार, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. श्रुतीनेच बादली उचलली.

"मामी, पळता कुठं?"

मी खरंच पळाले! कार्यालयाच्या अंगणात, साडी खोचून, किंचाळत. बादली अंगावर रिकामी झाली आणि मी पोट धरून हसले. आपल्या अंगावर धान्य आहे, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. आठवलं ते कपडे बदलताना. पिशवी पिळली, पण वाळत कुठे घालणार? खोलीत पाहुण्या बायकांची दाटी. शेवटी टॉवेलात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवून दिली.

सकाळी उघडली, तर माल दीडपट!

"आत्या, हे फुगलंय!"

"फुगणारच की बाई, रातभर भिजलंय," आत्या म्हणाल्या. रोज डाळ भिजत घालणाऱ्या बाईला यात नवल ते काय वाटणार?

चार दाणे काढून घ्यावेत म्हटलं, तर कात्री सापडेना आणि आत्यांचा दुहेरी टाका दातांनाही दाद देईना. बाहेरून शोभा दार बडवत होती, "वैनी, मुहूर्त!" मग दुसरा उपाय राहिला. डावीकडचं कमी होत नाही, तर उजवीकडचं वाढवायचं! दोन हातरुमाल आणि कुणाच्या तरी तान्ह्या बाळाचं टोपडं कामाला लावलं. त्या दिवशी मला पाहून ह्यांच्या मावसबहिणीने गालावर हात ठेवला.

"अगं बाई, आजारी होतीस म्हणे! तब्येत तर चांगलीच सुधारली की!"

मी मास्कच्या आतून हसले आणि हळूहळू चालत मांडवात गेले. धावायची सोय नव्हती.

मामाने नवरीला आणून उभं केलं, शेजारी मी. मध्ये अंतरपाट, पलीकडे हार घेतलेला नवरा मुलगा, माईक धरून लग्न लावणारे स्वामी. मंगलाष्टका सुरू झाल्या. इथे एक सांगायला हवं. ऑपरेशननंतर माझा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. रोज भिंतीवर बोटं चढवत व्यायाम करत होते आणि रोज तो त्याच जागी अडत होता. तिसऱ्या मंगलाष्टकेला मी अक्षता टाकायला हात उचलला आणि तो गेला! पूर्ण वर गेला! मला इतका आनंद झाला, की मी आणखी ताणला. आणि आत टर्रकन आवाज आला.

टाका उसवला. साडीच्या निऱ्यांमधून सोयाबीन टपटप स्टेजवर पडायला लागलं. मी डाव्या कोपराने जमेल तेवढं दाबून धरलं, पण सुटलेला माल कुठे ऐकतो! स्टेजवरच्या पोरांच्या अक्षता संपल्या होत्या, त्यांना आयतेच दाणे मिळाले. त्यांनी ते गोळा करून फेकायला सुरुवात केली. एक दाणा नवरदेवाच्या फेट्यावर बसला, दुसरा थेट त्याच्या वडिलांच्या चष्म्यावर.

नवरदेवाचे वडील शिवराजअप्पा म्हणजे नांदेडचे मोठे व्यापारी. भाव वाढेल या आशेवर त्यांनी सोयाबीन गोडाऊनमध्ये भरून ठेवलं होतं आणि भाव काही वाढला नव्हता. सगळा बाजार त्यावरून त्यांना चिडवत होता (हे आम्हाला नंतर कळलं). त्यांनी दाणा उचलला, बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"थांबवा ते!" मंगलाष्टका थांबल्या. "कुणी टाकलं हे? माझी चेष्टा करून राहिले का? भाव न्हाई म्हून आता अक्षतात टाकता का सोयाबीन?"

"अप्पा, आमच्याकडून असं व्हायचं न्हाई," आमचे हे म्हणाले आणि खाली बघितलं. स्वतःचा माल ते ओळखणार नाहीत असं झालंच नसतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग कोण हाय ते समोर या! न्हाईतर वऱ्हाड घेऊन हा निघालो नांदेडला!"

शोभाने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी, आणि मान 'नाही, नाही' अशी हलत होती. शेजारी श्रुतीने हार दोन्ही हातांनी आवळून धरला होता. गप्प बसले तर लग्न मोडतंय आणि बोलले तरी मोडतंय! श्रुतीचे ते हात मला बघवेनात.

"ते माझं आहे," मी म्हणाले.

"तुमचं? पर्समधून सांडलं का?"

"नाही. ब्लाऊजमधून."

स्वामींच्या हातातला माईक चालू होता. वाक्य पार आचाऱ्याच्या चुलीपर्यंत पोचलं. मग काय, उरलेलंही बोलून टाकलं. "मला कॅन्सर झाला होता, डावी बाजू काढली. तिथे हे भरलं होतं, ते भिजून फुगलं आणि उसवलं. तुमची चेष्टा कुणी केली नाही, अप्पा. झाली असेल तर माझीच झाली."

शोभाने पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात मुलाकडच्या बायकांमधून नवरदेवाची आई, महानंदाबाई, वाट काढत पुढे आल्या.

"एक मिनिट! ते 'गाठीभेटी' लिव्हणाऱ्या तुमीच का?"

"हो."

"आवो, मग मधीच बंद कामून केलं? शेवटच्या केमोला निघाले म्हून लिव्हलं आन् त्याच्यानंतर एक अक्षर न्हाई! मला वाटलं, गेलात तुमी!"

"नाही, आहे अजून," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"माझी बहीण दवाखान्यात हाय. ह्याच आजारानं. कुणाशी बोलत न्हाई, जेवत न्हाई. तुमचं वाचून दाखवलं की तेवढी हसती. तुमी बंद केलं, मग मी काय वाचू? मनानंच रचून सांगून राहिले! परवा तुमी दवाखान्यात जाताना रिक्षातून पडलात."

"मी?"

"हाव. लई हसली ती." आणि बोलता बोलता महानंदाबाईंनी माझा हात घट्ट धरला. मग मात्र मला आवरलं नाही. सगळ्या लोकांसमोर मी रडले आणि त्याही रडल्या.

शिवराजअप्पांना कुठे बघावं कळेना. त्यांनी हातातला दाणा सवयीने दाताखाली चावला.

"माल चांगला हाय," ते खाकरून म्हणाले. "पण मॉईश्चर लई."

हे मात्र आमच्या ह्यांना सहन झालं नाही. "दुकानातून निघाला तवा दहाच्या आत होता, अप्पा! मशीनवर बघितलेला!"

"आता ईसाच्या वर हाय."

"हळदीत भिजला! त्यात आडतीचा काय दोष?"

"मुहूर्त चाललाय!" स्वामी माईकवर ओरडले, तेव्हा कुठे दोघं गप्प झाले. मी पदर सावरून मागे सरकायला लागले, तर शेजारून श्रुतीचा आवाज आला, "मामी, तिथंच थांबा. हलू नका." मी थांबले. एक बाजू रिकामी, दुसऱ्या बाजूला टोपडं, अशी ताठ उभी राहिले. हात तेवढा उरलेल्या प्रत्येक मंगलाष्टकेला पूर्ण वर नेला. निघताना शोभा गळ्यात पडली आणि एवढंच म्हणाली, "वैनी, लिव्हा तुमी."

लातूरला आल्यावर दोन दिवसांनी रात्री जेवायला बसलो. केमोपासून मला कशाचीच चव लागत नव्हती. त्या दिवशी पहिल्याच घासाला जिभेवर तिखट लागलं, मीठ लागलं, लसूण लागला! मी वाटी संपवली, परत मागितली, वर लिंबू पिळलं.

"आत्या, उसळ काय फक्कड झालीय! कशाची?"

"सोयाबीनची."

"दुकानातून आणलं?"

"दुकानातून कामून? पिशवीत शिल्लक होतं की तुझ्या. मांडवातलं पण येचून आणलं. चार पाण्यानं धुतलं. मोड बी चांगले आले बघ."

ह्यांचा घास हातातच राहिला. माझा मात्र गिळून झाला होता.

जेवण उरकून मी ब्लॉग उघडला. कॅन्सरने माझी डावी बाजू खाल्ली, असं मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं. खरं खरं लिहायचं ठरलंय, म्हणून आज त्यात थोडी भर घालते. कॅन्सरने ती एकदाच खाल्ली. दुसऱ्या खेपेला मीच खाल्ली, दोन वाट्या, वर लिंबू पिळून.