दीड सुताचा होकार

धर्माजी दमयंतीला बघायला शिरगावात आला, तेव्हा त्याने मुलगी बघायच्या आधी चहाचा ट्रे बघितला. ही हकीकत शिरगावात अजून सांगतात आणि दर सांगण्यागणिक ट्रे वाढत जातो. आजच्या घडीला तो दाराच्या फळीएवढा झाला आहे, त्यावर सतरा कप आहेत आणि दमयंती तो एका तळहातावर तोलून ओटीवर आली आहे. वाणगावच्या या उमेदवाराने म्हणे खिशातून पाणसळ काढली. कारखान्यात यंत्रं सरळ बसवताना वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. ती त्याने सतरा कपांच्या मधोमध ठेवली, एक डोळा मिटला आणि भावी सासऱ्यांना गंभीरपणे सांगितलं, "डावीकडे अर्धा सूत उतार आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सासऱ्यांच्या हातातली बशी तिथंच थांबली. मुलीच्या आत्याला घेरी आली. वाडीतल्या माडावर चढलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला, असंही काही जण सांगतात. दमयंती मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "ट्रे सरळ हाय. तुमची मान वाकडी हाय, ती पयली सरळ करा."

लग्न तिथंच ठरलं. दमयंतीला भाऊ नव्हता, त्यामुळे धर्माजी शिरगावात घरजावई म्हणून आला आणि सासऱ्यांच्या चिकूच्या वाडीत राहून तारापूरच्या कारखान्यात फिटरकी करू लागला. अठ्ठावीस वर्षं झाली तरी गाव त्याला 'वाणगावकर'च म्हणायचं. म्हणजे प्रेम होतं, पण ते उंबऱ्याबाहेर चपला काढून बसलेलं.

धर्माजीचं तत्त्वज्ञान पट्टीएवढंच लांब होतं. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी. बुडबुडा दाखवतो ती खरी गोष्ट. बाकी सगळी मतं. पंप सरळ आहे की नाही यावर चर्चा होत नाही. मालक आला काय, कामगार आला काय, बुडबुडा दोघांना एकच सांगतो. देवाचं तसं नाही, म्हणून देव हा मतांच्या खात्यात. दमयंती रोज तुळशीपुढं दिवा लावायची आणि तो रोज म्हणायचा, "लाव. तुझं मत आहे."

"आनि तुमचा बुडबुडा?"

"ते मत नाही."

"मग त्याला सांगा आज भात शिजवायला," असं म्हणून ती आत जायची.

शिरगावात खाजणाईचं देऊळ आहे आणि खाजणाई कौल देते. पुजारी आनंदा देवीच्या दोन्ही दंडांना तगरीची एकेक ओली कळी चिकटवतो, माणूस हात जोडून प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. देवीच्या उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. खाजणाईची ख्याती अशी की ती नाही म्हणतच नाही. बोअर मारू का? मार. पोराला दुबईला धाडू का? धाड. बोअरला खारं पाणी लागलं, पोरगा चार महिन्यांत परत आला, तरी कुणाची तक्रार नव्हती. देवीने परवानगी दिली होती, गोड पाण्याची हमी थोडीच दिली होती!

तीन वर्षांपूर्वी देवळाला फरशी आणि ग्रॅनाइट बसवायचं ठरलं. मूर्ती उचलून नव्या चौथऱ्यावर ठेवायची होती. ट्रस्टच्या अध्यक्षा पुष्पलताबाई, गावातली सगळ्यात मोठी वाडी आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. त्यांनी धर्माजीला बोलावलं. "तुमी यंत्रं बसवता. देवी बसवा."

धर्माजीने देवी मोटर बसवावी तशी बसवली. खाली लोखंडी पाट, पाटाखाली चार बोल्ट आणि बोल्टांपुढे उचलून काढता येईल असा ग्रॅनाइटचा तुकडा. समुद्राकाठची जमीन, उद्या खचली तर नट फिरवून पुन्हा सरळ करता येईल, हा हिशेब. काम इतकं चोख की बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध मेल्यासारखा पडून राहिला. गुपचूप घरी गेला असता तर आज तो ट्रस्टवर असता. पण त्याला आनंद झाला होता, आणि धर्माजीला आनंद झाला की तो माहिती देतो.

"जुनी बैठक मोजली मी," प्रतिष्ठापनेच्या भर मांडवात तो म्हणाला. "देवी उजवीकडे दीड सूत कललेली होती. उजवीकडची कळी आधी पडणारच! तुमचा आजवरचा सगळा होकार दीड सुताचा होता!"

आणि हसला. एकटाच.

पुष्पलताबाईंनी पदर सारखा केला. "ते तुमचं वैयक्तिक मत झालं, धर्माजीभाऊ."

"मत कसलं, बाई? पट्टी लावून बघा ना!"

"पट्टी पन तुमचीच."

त्यानंतर खाजणाई नाही म्हणू लागली. नेहमी नाही, पण दोनदा विचारलं तर एकदा तरी. ट्रॅक्टर घेऊ का? नको. पोरीला नर्सिंगला घालू का? नको. कधी दोन्ही कळ्या तास तास चिकटून बसायच्या आणि माणसं उभी राहून पाय चोळायची. देवी रुसली, असं गाव म्हणू लागलं. ती सरळ झाली आहे, असं धर्माजी सांगत फिरला. ज्याला सांगायचा तो दुसऱ्या बाजूला बघायचा.

या सगळ्यात धर्माजीची मुलगी जागृती आणि पुष्पलताबाईंचा मुलगा प्रणव यांनी लग्न करायचं ठरवलं. दोघं पालघरच्या कॉलेजात बरोबर होते, पाच वर्षांची ओळख. प्रणव देखणा आणि आज्ञाधारक. इतका आज्ञाधारक की हॉटेलात डोसा मागवायच्या आधी आईला फोन करायचा. जागृतीचा त्याच्यावर जीव होता. तिच्याकडे पाणसळ नव्हती.

पुष्पलताबाईंनी नकार दिला नाही. त्या म्हणाल्या, "देवी हो म्हनली तर उद्या साखरपुडा. तीन कौल लावू. तीन मंगळवार. एक जरी उजवा पडला तरी बस."

पहिल्या मंगळवारी डावी कळी पडली. दुसऱ्या मंगळवारी डावी कळी अशी पडली की आनंदाचा हात मूर्तीवरून निघायला आणि ती पायाशी यायला एकच गाठ. "आयला," आनंदा म्हणाला आणि जीभ चावली.

धर्माजी पुष्पलताबाईंकडे गेला. त्या ओटीवर चिकू निवडत होत्या. "बाई, हे नाणं उडवण्यासारखं आहे. दोनदा छापा पडला म्हणून काय पोरांचं आयुष्य मोडायचं?"

"तुमाला नाणं वाटतंय, मला देवी वाटते. ज्याचं त्याचं मत. तुमीच सांगता ना लोकांना?"

"पण खरं एकच असतं ना!"

"असतंच. ते परवा पडलं, डावीकडं," असं म्हणून त्यांनी एक किडका चिकू त्याच्या पायाजवळच्या टोपलीत टाकला.

घरी जागृती दोन दिवस जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने बापाला वाडीच्या कडेला गाठलं. "बाबा, देवी तुम्ही बसवलीत ना?"

"हो."

"मग तुम्हीच काहीतरी करा."

"काय करू? ती सरळ आहे."

"मला सरळ देवी नकोय," जागृती म्हणाली. "मला प्रणव हवाय."

तिसऱ्या मंगळवारच्या आदल्या दुपारी आनंदा जेवून घोरत असताना धर्माजी देवळात गेला. ग्रॅनाइटचा तुकडा काढला. पिशवीतून एकोणीस नंबरचा पाना काढला आणि देवीच्या डावीकडचे दोन्ही नट अडीच अडीच फेरे फिरवून ती बाजू उचलली. सवयीने पाणसळ पाटावर ठेवली होती. बुडबुडा रेघ सोडून हळूहळू सरकू लागला, तसा धर्माजीने डोळे मिटून घेतले. पस्तीस वर्षांच्या फिटरकीत त्याने एखादी गोष्ट मुद्दाम वाकडी बसवली नव्हती. देवळाबाहेर आला तर पायरीजवळ जागृती उभी. तिने त्याच्या हाताला लागलेलं ग्रीस बघितलं, आपली ओढणी पुढे केली आणि बोटं पुसून दिली.

मंगळवारी आनंदाने कळ्या लावल्या, आणि पुष्पलताबाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवी कळी खाली आली.

गावाने टाळ्या वाजवल्या. दमयंतीला रडू कोसळलं. घरी आल्यावर तिने नवऱ्याला गूळ दिला आणि त्याच्यासमोर बसली. "आता तरी सांगा. देवी हाय का नाय?"

धर्माजीने गूळ तोंडात ठेवला. खरं सांगितलं असतं तर मुलीचं लग्न मोडलं असतं. खोटं सांगायला तो शिकलेला नव्हता. त्याने नुसती मान डोलावली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा दमयंतीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "मला वाटलंच हुतं, तुमी आतून चांगले हाव." असा सुखाचा दिवस त्या घरात पूर्वी आला नव्हता, आणि धर्माजीला तो गुळाबरोबर गिळावा लागला.

देवी पुन्हा दिलदार झाली. ट्रॅक्टर आले, नर्सिंगचे फॉर्म भरले गेले. लग्नाला तीन आठवडे उरले. पत्रिकेवर पहिलं नाव देवीचं, म्हणून पत्रिका तिच्यापुढं ठेवायला सगळे देवळात जमले. तेवढ्यात पुष्पलताबाई म्हणाल्या, "आनंदा, दोन कळ्या लाव. माज्या मनात एक गोष्ट हाय."

आनंदाने कळ्या लावल्या.

"आई, दोनदा तू नाय म्हनालीस. या मानसानं तुला बोल्टावर बसवली, तुज्या होकाराला हसला, म्हनून तू रुसलीस का?"

उजवी कळी पडली.

या देवीला आता नाही म्हणताच येत नाही, हे तिथं फक्त त्याला माहीत होतं. त्याला आणि आणखी एकीला.

"लाव परत," पुष्पलताबाई म्हणाल्या. "आई, मग याला तुज्या दारापासून आनि या लग्नापासून लांब ठेवू का?"

आनंदाने हात काढला न काढला तोच उजवी कळी पडली. ग्रॅनाइटवर तिचा आवाज झाला, असं धर्माजीला वाटलं.

तो पुढे सरकला. "बाई, थांबा. मी सांगतो. ही देवी..." आणि त्याने जागृतीकडे बघितलं. तिच्या खांद्यावर तीच ओढणी होती, कडेला ग्रीसचा डाग अजून पुसट दिसत होता. एक शब्द तिने बोलायचा होता, किंवा एक त्याला बोलू द्यायचा होता.

"बाबा," जागृती म्हणाली, "देवीनं सांगितलंय."

प्रणव आईकडे बघत होता. दमयंतीने डोळे पुसले आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "थोडे दिस जरा लांब रावा. ती कुनाचं वाईट नाय करत."

धर्माजी घरी आला. गावातला एक शहाणा माणूस मागोमाग येऊन म्हणाला, "वाळीत टाकणं गुन्हा आहे, तुम्ही तक्रार करा." धर्माजी पुष्पलताबाईंना ते सांगायला गेला, तर त्या मनापासून हसल्या. "वाळीत कुनी टाकलं? ट्रस्टनं ठराव केला? गावानं सभा घेतली? तुमच्याकडं कोन येईल, कोन नाय येईल, ते ज्याचं त्याचं वैयक्तिक मत हाय, भाऊ."

मग चिकू न्यायला येणारा टेम्पो यायचा थांबला. वैयक्तिक मत. न्हाव्याला वेळ मिळेना. वैयक्तिक मत. शेजारीण कढीपत्ता मागायला दमयंतीकडे यायची ती मागच्या दाराने, आणि धर्माजी समोर दिसला तर विसरल्यासारखी परत जायची. दमयंतीने त्याचं ताट ओटीवर वाढायला सुरुवात केली. भात मात्र गरम असायचा. लग्नात गालबोट नको म्हणून शेवटी तिनेच त्याची पिशवी भरली, तिच्यात पाणसळ फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि तो वाणगावला भाड्याच्या खोलीत गेला.

लग्न थाटात झालं. साडेचारशे पान उठलं. कन्यादान दमयंतीच्या चुलतभावाने केलं. त्या दिवशी धर्माजीची कारखान्यात दुसरी पाळी होती. त्याने एक पंप बसवला, बुडबुडा मधोमध आणला आणि सुपरवायझरने सही केली.

निवृत्त झाल्यावरही तो वाणगावलाच राहिला. दमयंती महिन्यातून एकदा शिरगावहून डबा पाठवते. खाऱ्या हवेने देवीखालचे बोल्ट एका पावसाळ्यात गंजले, आता ते फिरत नाहीत, आणि देवीला नाही म्हणता येत नाही.

जागृतीचं लग्न अकरा महिने टिकलं.