ट्रॅक्टरवर बसलेला हात

देवळीच्या बसस्टँडमागे अश्वजितचं गॅरेज होतं. तिथे कायम एखादा ट्रॅक्टर पोट उघडून उभा असे. वर्ध्याच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यापासून त्याचा हात ट्रॅक्टरवरच बसला होता, पण डोक्यात मात्र कार होती. शेवटी २००४ साली त्याने पेंटर बोलावून पाटीवर ‘ट्रॅक्टर’च्या पुढे ‘व कार’ एवढं वाढवून घेतलं. रंग वाळून महिने गेले तरी कार काही येईना. आणि आली ती थेट मधुकररावांची!

कृषी केंद्रवाले मधुकरराव म्हणजे गावातलं चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्यांच्या गाडीला चढच चढवत नव्हता. अश्वजितने तपासलं, तर सायलेन्सरच्या अलीकडे धूर स्वच्छ करणारा जो डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तो आतून पार बुजलेला. गावात यावर एकच इलाज चाले : समोरच्या श्रावण वेल्डरकडे जायचं, डबा कापायचा, सरळ नळी जोडायची. पण अश्वजितने हट्ट धरला, “नवाच डबा बसवू, काका. गाडी जशी आली तशीच राह्यली पायजे.”

नागपूरहून डबा आला, बसला. गाडीने ओढ पकडली. आणि इंजिन गरम होताच खालून सुरू झालं, फट् फट् फट्!

“काऊन रे,” मधुकरराव चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “म्या तुले कार देली होती ना? तू तं थ्रेशर करून देलं!”

“एखादा जोड लीक असंन, काका. पाहतो.”

“पाह्यजो. उद्या घरच्यायले घेऊन गिरडले दर्शनाले जाऊन राह्यलो मी. आज संध्याकाळलोक आवाज गेला तं ठीक. नाईतं श्रावणकून नळी टाकतो. अन् तू ते ‘व कार’ पुसून टाकजो.”

अश्वजितने पाटीकडे पाहिलं. मधुकररावांनी नळी टाकली, की देवळीतली एकही कार त्याच्या दारात येणार नव्हती. पण खरं सांगायचं तर त्याचे हातही शिवशिवत होते. कुठून फुटतोय हा आवाज? सापडायलाच हवा!

गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. इंजिन थंड होऊ दिलं. मग धूर सोडणाऱ्या मागच्या नळीच्या तोंडात कॉम्प्रेसरचा पाइप खुपसून भोवती ओलं फडकं कोंबलं आणि हवा सोडली. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडाला खालून फासलं. लीक असेल तिथे फुगे यायला हवेत. डब्याच्या वेल्डिंगला फुगे नाहीत. मागच्या जोडाला नाहीत. पुढच्या जोडालाही नाहीत! त्याने जोर यावा म्हणून पान्याच्या दांड्याला लांब नळी लावून, ट्रॅक्टरचे आवळतो तसे बोल्ट आणखी आवळले. गाडी चालू केली. गरम झाली, आणि फट् फट् फट्.

“मशीन तयार ठेवू का, साहेब?” श्रावण रस्त्यापलीकडून ओरडला.

अश्वजितने इंजिन बंद केलं. ते निवाल्यावर पुन्हा हवा सोडून तो खड्ड्यात उतरला. तेवढ्यात त्याची आई, सीताबाई, कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुटून आली. केसांत, पदरावर कापूसच कापूस.

“सकाळचा डबा तसाच हाये. जेवला काऊन नाई?” ती खड्ड्याच्या काठाशी वाकली.

पदरावरचा एक पुंजका सुटून तरंगत खाली आला. पुढच्या जोडाजवळ पोचला आणि कुणी फुंकर मारावी तसा बाजूला उडाला.

अश्वजित बघतच राहिला.

“माय, कापूस दे!”

“कोणता कापूस?”

“डोक्यावरचा! लवकर दे!”

“पोट्टं येडं झालं काय?” म्हणत तिने केसांतला पुंजका काढून दिला. त्याने तो तारेच्या टोकाला बांधला आणि जोडाभोवती फिरवला. खाली स्तब्ध. बाजूला जरासा थरथरला. आणि वर, पाइप आणि गाडीचा तळ यांच्यामधल्या फटीत नेला, तर नाचायलाच लागला!

वर! तिथे डोळा पोचत नव्हता आणि साबणाचं पाणी तर खालीच ओघळत होतं. पण जोड वरूनच का उघडला? क्षणात त्याला उमगलं. ट्रॅक्टरचा सायलेन्सर उभा असतो. बुडाशी आवळला की काम संपलं. कारचा पाइप आडवा, रबरांना लोंबणारा. डबा बसवताना त्याने मागचं टोक जॅकवर उंच टेकवून पुढचा जोड आधीच घट्ट करून टाकला होता. जॅक काढताच पाइप रबरांवर उतरला आणि जोडाचा वरचा ओठ उघडला. गरम झाला की आणखी उघडायचा.

“मीच गाढव!” तो आनंदाने ओरडला.

“ते तं मले माईत हाये,” सीताबाई म्हणाली. “जेवतं का आता?”

जेवतो कसला! त्याने जोड सोडवला. जोडातल्या चकतीची, गॅस्केटची, वरची कड काळी पडली होती. जास्तीचं आणलेलं गॅस्केट टाकलं, पाइप आधी सगळ्या रबरांवर मोकळा लोंबू दिला, आणि मग तिन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळले. तारेवरचा कापूस वरच्या फटीत नेला. पुंजका ढिम्म.

मधुकरराव आले तेव्हा ऊन कलत होतं. गाडी चालू होती, आवाज नव्हता.

“गाडी थंडी हाये ना अजून,” ते म्हणाले. “गरम झाल्यावर बोल.”

“बसा, काका. माय, तूही बस मागं. जिनिंगच्या भिंतीपासून नेतो. भिंतीवरून आवाज परत येते, लपत नाई.”

सीताबाई पदर झटकून, अंग चोरून मागच्या सीटवर बसली. कारमध्ये ती पहिल्यांदाच बसत होती. काचा खाली करून अश्वजितने जिनिंगच्या लांबलचक भिंतीला लागून गाडी नेली. वळवून पुन्हा आणली. तापमानाचा काटा वर चढला, इंजिन चांगलं तापलं. मधुकररावांनी कान बाहेर काढला होता. भिंतीवरून परत येत होती फक्त टायरांची सरसर.

“मानलं बुवा,” ते शेवटी हसले. “तुही पाटी राहू दे. घे आता गाडी वापस.”

“काऊन वापस?” मागून सीताबाई म्हणाली. ती आता सीटला पाठ टेकून ऐसपैस बसली होती. “नीट गरम तं होऊ द्या. अजून एक चक्कर मार रे.”