भिंतीतलं अंडं

माझ्या अक्षराची मला लाज वाटते. बोरू धरला की ओळ उतरणीला लागते, आणि ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे हे मला कधीच नीट कळले नाही. चुकले असेल त्याची माफी असावी. वडिलांनी पंतोजींच्या ओसरीला गिलावा करून दिला, त्याच्या बदल्यात पंतोजींनी मला भावाशेजारी चार वर्षे बसू दिले. तेवढीच माझी शाळा. मोडी येत नाही, बाळबोध येते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे कागदावर काढते आहे. कोणाला वाचून दाखवायचे नाही.

माझे घरधनी गवंडी. दगडविटा रचणारे पुष्कळ होते, पण घोटीव गिलावा करणारे पेठेत दोघेतिघेच, त्यांतले हे एक. चुनखडी खडकवासल्याच्या बाजूने बैलावर येई. ती भाजायची, विझवायची, खड्ड्यात मुरवायची, मग आमच्या दारच्या चुन्याच्या घाणीत, दगडी चाकाखाली, बैल फिरवून दळायची. त्यात हिरड्याचे पाणी, गूळ, उडदाचे पीठ आणि बेलफळाचा गर. भिंतीला शेवटचा पातळ हात दिला की गारगोटीने घोटायचे. शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीची पुरचुंडी मारायची आणि पुन्हा घोटायचे. दोन दिवसांनी भिंत अशी होई की कुंकू लावायला आरसा नको.

माजघराची घोटाई माझ्याकडे असे. तोवर बायकांची ये-जा सुरू झालेली असायची आणि परका पुरुष आत चालत नसे. मला ते काम आवडे. भिंत काही विचारत नाही.

शनिवार पेठेत एका पंतांचा नवा वाडा उठत होता. पंत सरकारी कारकुनीतून पैसेवाले झालेले. त्यांनी कामाआधी पंचवीस रुपये उचल दिली आणि देताना म्हणाले, "गवंड्या, भिंत अशी हवी की माशी बसली तर घसरली पाहिजे. नाही घसरली तर तुला घसरवीन."

माशी खरोखर घसरली असती असे माजघर मी घोटले. घरधन्यांनी मालकीणबाईंना उंबऱ्याबाहेरून बजावले होते, "बाईसाहेब, चाळीस दिवस भिंतीला ओला हात लावू नका. चुना अजून कच्चा आहे." बाई "बरं" म्हणाल्या. मी सामान आवरत होते. दोनच दिवसांवर वास्तुशांत होती. मी उंबरा ओलांडायच्या आत बाईंनी तांब्याभर गोमूत्र मागवले. नुसते दर्भाने शिंपडले असते तरी चालले असते. पण त्यांनी फडके बुडवले आणि जिथे जिथे माझा हात फिरला होता तिथे तिथे, म्हणजे सबंध भिंत, पुसून काढली. तीन वेळा. माझ्याकडे पाहत पुसली. माझा विटाळ जायला हवा होता.

मी घरी येऊन सांगितले. घरधन्यांनी हातातली थापी खुंटीला लावली. मग म्हणाले, "गप्प राहा. कदाचित काही होणार नाही."

झाले. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळीच पंतांचे बोलावणे आले. माजघरात पाय ठेवता येत नव्हता. बंद खोलीत असा उग्र दर्प की डोळ्यांतून पाणी यावे, आणि पांढऱ्या भिंतीवर पिवळे ओघळ.

अंगणात पंत उभे होते. पाहुणे, आचारी, शेजारी सगळे ऐकत होते.

"काय रे, काय घातलंस भिंतीत?"

"पंत, हिरडा, गूळ, उडीद आणि बेलाचा गर."

"आणि कोंबडी?"

घरधन्यांना कळेना.

"अंडं रे, अंडं! दूरदेशीचे गवंडी चकाकी यायला अंड्याचा पांढरा बलक घालतात हे मला ठाऊक नाही असं वाटलं? ब्राह्मणाच्या माजघरात अंडं सारवलंस. आता कुजलंय. उद्या भिंत आरवेल!"

लोक हसले. मालकीणबाई दारातून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्या हाताला तेव्हाच वास येत होता."

घरधन्यांनी शपथ घेतली. पंत म्हणाले, "शपथ स्वस्त असते. पंचवीस रुपये महाग असतात. ते परत आण. नाहीतर गावजेवण घालून सांगेन की या गवंड्याने माझं घर बाटवलं. मग कोणत्या ब्राह्मणाच्या दारात उभा राहशील?"

ते खरे होते. पेठेत काम देणारी सगळी तीच घरे. अंड्याचा बोल एकदा चिकटला की आमची थापी कायमची खुंटीवर.

वाटेत मी म्हटले, "अहो, गोमूत्राचं सांगा ना."

"काय सांगू? गोमूत्रानं घाण सुटली? गोमूत्रानं डाग पडला? अगं, ज्यानं सगळं शुद्ध होतं त्यानं भिंत नासली असं म्हणालो तर अंडं परवडलं!"

उचल तर चुन्यात, गुळात आणि मजुरांत गेलेली. घाणीचा बैल सोळा रुपयांना विकला. माझे चांदीचे वाळे आणि हातांतले गोठ नऊ रुपयांना गेले. पैसे पोचते केले तेव्हा पंतांनी ते धुऊन घेतले. आणि तरी बोलायचे थांबले नाहीत. दोन ठिकाणची ठरलेली कामे महिन्याभरात गेली. बैलाच्या जागी घाणीला आम्ही दोघे लागलो, पण दळलेला चुना घ्यायला कोणी येईना.

मला त्या बाईचा राग येई. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, भाकरी थापताना येई. मी तिचे वाईट चिंतले, हे लिहून ठेवते. खोटे कशाला?

एक दिवस मी विटेवर चुन्याचा हात दिला. नुसता विझवलेला चुना, गूळ नाही, बेल नाही, काही नाही. वर शेजारच्या गोठ्यातले गोमूत्र फडक्याने पुसले आणि ती वीट पाटीखाली झाकली. संध्याकाळी पाटी उचलून घरधन्यांच्या नाकाखाली धरली. ते खोकत मागे सरले. मग माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसले.

आमच्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही बुधवार पेठेतल्या चावडीवर गेलो. तिथल्या कारभाऱ्यांना मिस्त्री म्हणाले, "आम्ही कुणाला दोष देत नाही. फक्त आपल्या डोळ्यांसमोर एक वीट सारवू द्या." पंतांना बोलावणे गेले. ते आले ते हसतच.

चुना चावडीच्याच माणसाने विझवला. गोमूत्र पंतांच्याच गोठ्यातून आणवले, कारण मिस्त्री म्हणाले, दुसऱ्याचे नको, नंतर वाद नको. वीट मी सारवली. इतके पुरुष पाहत होते की माझे कान तापले होते, पण हाताला त्याचे काही नव्हते. हाताला ते काम येत होते. तीन वेळा पुसली, बाईंनी पुसली तशीच. पाटी झाकली. कारभाऱ्यांनी तोवर दुसरी दोन प्रकरणे ऐकली.

मग पाटी उचलली. कारभाऱ्यांनी उपरणे नाकाला लावले. चावडीवरचा शिपाई बाहेर पळाला. विटेवर पिवळा ओघळ दिसतच होता.

"पंत," कारभारी उपरण्याआडून म्हणाले, "हे अंडं आपल्याच गोठ्यातलं दिसतंय."

पंत भडकले. "गाईला दोष देता? चावडीवर बसून?"

"दोष गाईचा नाही हो. घाईचा. चाळीस दिवस थांबायला सांगितलं होतं म्हणतात. सांगितलं होतं का?"

पंत उठून जोडे शोधू लागले. कारभाऱ्यांनी हुकूम केला, घेतलेले पंचवीस रुपये गवंड्याला परत करावे. मजुरीचे मात्र काही नाही, कारण भिंत शेवटी नासली ती नासलीच. म्हणजे आमचे कष्ट पाण्यात. पण अंड्याचा बोल गेला. ज्यांनी काम काढून घेतले होते त्यांतल्या एकाने आठ दिवसांनी निरोप पाठवला, जणू मधे काही झालेच नव्हते. घरधनी गेले. मी असते तर गेले नसते.

पंत एकदम देतील तर ते पंत कसले! घरधन्यांनी त्या दारी न जाण्याची आण घेतली होती, म्हणून मीच जात असे. कधी "पंत पूजेला बसलेत", कधी "उद्या ये". पहिल्यांदा आठ रुपये मिळाले, ते उंबऱ्यावर वरून टाकले, मी वेचले. मग दोन महिन्यांनी दहा, त्यांतला एक खोटा निघाला. तो बदलून घ्यायला पुन्हा चार खेपा. एकदा मालकीणबाई दारात आल्या. माजघराची भिंत खरवडून त्यांनी साधी मातीने लिंपून घेतली होती. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पैशांसाठी किती येरझाऱ्या गं तुझ्या! लाज कशी नाही वाटत?"

लाज मला आयुष्यभर वाटत आली आहे. त्या दारात तेवढी वाटली नाही. मी खाली बघून उभी राहिले आणि हलले नाही.

शेवटचे सात रुपये दसरा झाल्यावर कारकुनाच्या हातून आले. मी ते तिथेच पायरीवर बसून एकेक दगडावर वाजवून पाहिले, सगळे खणखणीत होते. आठ, दहा आणि सात. पंचवीस पुरे झाले.