ओळ घेणारी

मी गाणं सुरू करणारी बाई नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं बरीच वर्षं आमच्या देवळात गीतं मीच चालवली आणि नव्या माणसांना वाटायचं, ही आईच्या पोटातूनच पुढं बसायला शिकून आली. खोटं आहे ते. मी मागून गाणारी.

ढाणकीच्या बाजारापासून दीड-दोन कोसांवर आमचं गाव. गावाबाहेर मिशनचा छोटा दवाखाना, त्याला लागून शाळा आणि कौलारू देऊळ. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो. माझे वडील शाळेत मास्तर होते आणि नवरा दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळं लग्न होऊनही माझं गाव सुटलं नाही.

मंडळीत वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गीतांची पुस्तकं सगळी मिळून दोन. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की एकानं ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती तशीच घ्यायची. ओळ द्यायची माझी चुलत बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणायची. अक्षरं ती माझ्या वडिलांकडे शिकली आणि चाली माझ्या आईकडे, कपाशी निंदता निंदता. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी पुस्तकातला गीताचा आकडा सांगितला की ती मांडीवर दोन थापा मारायची आणि सुरू करायची. मी तिच्या डाव्या अंगाला बसायची. तिची ओळ संपली की पहिला आवाज माझा, माझ्यामागून बायका, मग पुरुष.

मला एक खोड होती. ओळीचं शेवटचं अक्षर मी ओढायची. तिनं दिलेली ओळ सोडवतच नसे मला. ताई पदराखालून चिमटा काढायची आणि देवळातून बाहेर पडल्या पडल्या सुरू व्हायची, "काहून ओढतं वं? गानं हाये का मोट हाये?" मी म्हणायची, पुढच्या वेळी नाही ओढणार. पुढच्या वेळी पुन्हा चिमटा. माझ्या दंडावर सोमवारपर्यंत वळ दिसायचा.

छप्पनच्या दसऱ्यानंतर गावाचं वारं बदललं. नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत परतली, आणि पुढच्या वर्षभरात एकामागून एक घर बुद्धाच्या धम्मात गेलं. ताईचं सासर गावातलंच. तिच्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतलेला होता, पण भावकी सगळी नाल्यापलीकडे. एक दिवस ती आईला सांगायला आली.

"काकी, आमी तिकडं चाललो."

आईनं सूप खाली ठेवलं. "मनानं चालली, का मालकाच्या मागं?"

"मनानं. पहिल्यांदा सारी वस्ती मान वर करून चालून राह्यली, काकी. मले त्याईच्यासंगं चालाचं हाये."

आईनं सूप पुन्हा उचललं. मीच मध्ये तोंड घातलं. "आन् गानं?"

"गानं का देवळाच्या भिंतीत हाये?" ती म्हणाली. "तू दे न आता ओळ. तुले कोनं अडवलं?"

मी तापट, आजही आहे. त्या दिवशी मी उठून आत गेले आणि ती जाईपर्यंत बाहेर आले नाही. नंतर कित्येक महिने विहिरीवर ती दिसली की मी घागर अर्धी भरून परतायची. वास्तविक तिच्या धर्माशी माझं काही भांडण नव्हतं. तिचा निर्णय खरा होता, हे मला तिच्या तोंडावरच दिसलं होतं. मला फक्त तिच्या मागून गायचं होतं. जगात मला जमणारी ती एकच गोष्ट होती आणि ती माझ्यापासून गेली होती.

तिच्याविना पहिला रविवार आला. पाळकसाहेबांनी आकडा सांगितला. ते नगरकडचे, बोलणं मोजकं आणि शुद्ध. देवळात शांतता. मी वाट बघत बसले. कशाची, ते माझं मलाच कळत नव्हतं. सवयीनं मी डावीकडे सरकून बसले होते आणि माझ्या उजव्या हाताला सतरंजीची तेवढी जागा रिकामी होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्या जागेकडे. शेवटी पुरुषांतून दवाखान्याच्या चौकीदारानं गीत उचललं. त्याचा आवाज म्हणजे बैल हाकण्यासाठी देवानं दिलेला. पहिल्या कडव्यात मंडळी तीन वाटांनी गेली आणि दुसरं कडवं पाळकसाहेबांनी गाळलं.

पुढच्या रविवारी मी धीर केला. ताईसारख्याच दोन थापा मारल्या आणि ताईच्याच सुरात सुरू केलं. धृपद निघालं. कडव्याची वरची ओळ आली आणि माझा गळा तडकन फाटला. पोरं हसली. मी घरी येऊन म्हटलं, सकाळचं दव फार होतं. आई म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." आई अशा वेळी कधी चुकायची नाही.

मला वळण लावलं ते बायबलबाईनं. ती म्हातारी विधवा. काळी छत्री आणि कापडी पिशवी घेऊन पार फुलसावंगीपर्यंत पायी जायची आणि बायकांना बायबलातल्या गोष्टी सांगायची. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर मी उकळलेल्या पट्ट्या वाळत घालत होते, तिथं ती येऊन बसली.

"तू कोनाच्या गळ्यानं गाऊन राह्यली?"

मी पट्टी झटकून दोरीवर टाकली.

"ते गेली न, बाप्पा. तिचा गळा बी गेला. तू आपला घे." मग तिनं मला युक्ती सांगितली. गीत सुरू करण्याआधी त्याची सगळ्यांत वरची ओळ मनातल्या मनात म्हणून बघायची. तिथं गळा सुखानं पोचला तर तो सूर आपला. "आन् आपलाच गळा पाहू नको. कोन कोन आलं ते पाय. कापसाच्या दिवसांत साऱ्याईचे गळे बसलेले असतेत. म्हाताऱ्या आल्या असन त आनखीन खाली घे. तू उंच गेली न मागं कोनी नसन, त मंग काय गायली?"

हे मी शिकले. आकडा सांगितला की मी मान फिरवून मंडळी बघायला लागले. कोण खोकतंय, कोणाचं पोर कडेवर रडतंय, कोणी रात्रभर राखण करून आलंय. लोकांना वाटे मी हजेरी घेते आहे.

पण एक गोष्ट मात्र मला जमेना. ओळ देऊन गप्प बसणं. मी ओळ द्यायची आणि मंडळीबरोबर तीच ओळ पुन्हा मोठ्यानं गायची, त्यांच्या आवाजावर आपला आवाज पांघरून. बायबलबाईनं दोनदा सांगितलं, "ओळ दिली का तोंड मिट. तूच गाशीन त त्याईनं कायले गावं?" तिसऱ्यांदा ती चिडली. मी तिला खरं कारण सांगितलं नाही. तोंड मिटलं की मला मागचे चाळीस आवाज ऐकू यायचे आणि त्यांत ताईचा नसायचा. दर ओळीला ते नव्यानं कळायचं. मग मी कशाला गप्प बसू?

कापणीच्या सणाला मात्र वेगळंच झालं. त्या रविवारी लोक शेतातलं पहिलं पीक देवळात आणतात. वेदीपाशी ज्वारीची कणसं होती, तुरीच्या शेंगा होत्या आणि पहिल्या वेचणीचा कापूस. दारं-खिडक्या सताड उघडी. मी एक ओळ दिली आणि दम लागला म्हणून क्षणभर थांबले. तेवढ्यात नाल्यापलीकडून, वाऱ्यावर, ताईचा आवाज आला. त्यांची वंदना रविवारीच असायची आणि नंतर बायका गाणी म्हणायच्या. शब्द कळत नव्हते. मागच्या बायकांची नुसती गुणगुण पोचत होती. पण आवाज तिचा होता, वरच्या सुरावर जरासा खरखरणारा.

पुढची ओळ दिली आणि मी आपणहून गप्प बसले. तिच्यापुढची दिली, गप्प बसले. माझी मंडळी गात होती आणि मी कान नाल्यापलीकडे लावून बसले होते. आणि मला न ऐकता मंडळी किती मोकळी गायली त्या दिवशी! चौकीदारसुद्धा सुरात होता. उपासना संपल्यावर पाळकसाहेब मुद्दाम थांबले. "आज तुम्ही मंडळीला जागा दिलीत," ते म्हणाले. मी पदर सारखा करत मान डोलावली. लोक ज्याला माझी वाढ म्हणतात, ती अशी चोरट्या कानानं झालेली आहे.

मग वर्षं गेली. आमचा अबोला कधीच सुटला होता. तिचं पोर तापानं फणफणलं तेव्हा औषध घेऊन मीच तिच्या घरी गेले होते. विहिरीवर, बाजारात आम्ही पोरांचं, सासवांचं, कपाशीवरच्या किडीचं बोलायचो. गाण्याचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. आमच्यात ती एक बंद खोली होती आणि दोघी तिच्या दारावरून येत-जात होतो. मी मंडळीला शेवटचं अक्षर झटकन तोडायला शिकवलं होतं. कोणी ओढलं की माझा हात आपोआप चिमटा काढायला निघायचा. आमचं गाणं आता स्वच्छ झालं होतं, सगळे नावाजायचे. मला ते ऐकताना कधीकधी रडू यायचं, आणि लोक समजायचे, प्रभूच्या प्रीतीनं.

सदुसष्ट-अडुसष्टचा सुमार असेल. ताईच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं. ती स्वतः सांगायला आली. "येजो. बायाईत बसजो, माह्याजवळ."

मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अवश्य जा. नातं आहे. तिथं गाऊ मात्र नका. मंडळी तुमच्याकडं बघते." ते वाईट मनानं बोलले नव्हते. त्यांची अडचण मला कळत होती. तरी घरी येईपर्यंत मी रस्त्यानं पुटपुटत होते.

लग्न दुपारचं होतं. मांडवात पांढरा कपडा घातलेल्या मेजावर बुद्धाची मूर्ती, फुलं, मेणबत्त्या. नवरी पांढऱ्या साडीत. पंचशील झालं, हार घातले गेले, जेवणाआधी बायका गायला बसल्या. ताई मधोमध. केस पांढरे व्हायला लागलेले. मी तिच्या डाव्या अंगाला बसले. मुद्दाम नाही, पाय तिथंच गेले. तिनं मांडीवर दोन थापा मारल्या.

चाल माझ्या आईची होती, निंदणातली. शब्द त्यांचे स्वतःचे, नव्या जोडप्याला सांगितलेले. ताईनं ओळ दिली आणि तोंड मिटलं. तीस-चाळीस बायकांनी ओळ घेतली.

आणि शेवटचं अक्षर ओढलं.

सगळ्यांनी. म्हाताऱ्यांनी, परकऱ्या पोरींनी. अगदी मी ओढायची तस्संच, खाली उतरता उतरता सोडवत नाही तसं. मला वाटलं, आता ही चिमटा काढणार. तिनं पुढची ओळ दिली. पाळकसाहेबांचे शब्द मला लख्ख आठवत होते. विसरले म्हणणं खोटं होईल. मी ओळ घेतली. दहा-अकरा वर्षांनी मला काहीही सुरू करायचं नव्हतं, सूर धरायचा नव्हता, कोणाचे गळे बघायचे नव्हते. मी शेवटचं अक्षर मनसोक्त ओढलं. ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. पण तिची पुढची ओळ जरा उशिरा आली.

निघताना मांडवाच्या दाराशी मी तिला छेडलं, "काय वं, गानं हाये का मोट हाये? तुह्या बाया केवढं ओढतेत!"

"म्याच शिकवलं त्याईले," ती म्हणाली. ती हसली नाही. "आधी तोडून म्हनत. मले मागून तसं तुटकं आयकाची सवय नाई न."

शनिवारी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि गायले म्हणून सांगितलं. त्यांनी नुसते उद्याच्या गीतांचे आकडे माझ्यापुढं सरकवले.

रविवारी मी मान फिरवून मंडळी बघितली. वरची ओळ मनात म्हटली, मांडीवर दोन थापा मारल्या आणि ओळ दिली. मंडळीनं ती घेतली आणि शेवट झटकन तोडला, मी शिकवला होता तसा. मी हात वर करून गीत थांबवलं. असं मी आजवर कधी केलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ओढा वं जरा," मी म्हटलं. "घाई कायची हाये?"