बर्निसबाईंचं घोरणं

मिशिगनमधल्या त्या काकडीच्या लोणच्याच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर बरण्या तपासणारी बर्निस वोझ्नियाक म्हणजे खणखणीत घसा. यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे खाणाखुणा करत. ही नुसती बोलली तरी पार गोदामापर्यंत ऐकू जाई.

पट्टा सोडून लघवीला जायचं तर हात वर करायचा आणि मुकादमाची नजर वळेपर्यंत तसंच उभं राहायचं, असा तिथला नियम. मुकादम गॅरीची मान मात्र सहसा वळत नसे. एकदा कळ असह्य झाली तशी बर्निस ओरडली, "गॅरी, मला जोराची लागलीय! सोडतोस, की इथंच बसू?"

अख्खा पट्टा हसला. गॅरी लालेलाल झाला आणि त्यानं तिला सोडलं.

दुपारी मालाची गाडी चालवणारा डेझमंड तिला म्हणाला, "बाई, हा आवाज युनियनला पाहिजे. आज सभेला या."

"सभेत मला झोप लागते रे."

"डोनट असतात."

"मग आधी सांगायचंस ना!"

युनियनची कुणकुण लागताच मॅनेजर हॅलोरन यांनी सगळ्यांना बोलावून पिझ्झा खिलवला. "आपण एक कुटुंब आहोत," ते हात पसरून म्हणाले. "कुटुंबात युनियन कशाला?"

बर्निसनं तोंडातला घास गिळला. "साहेब, तुमच्या घरी लघवीला जाताना हात वर करावा लागतो का हो?"

 मागून एकजण फिसकन हसला आणि पाठोपाठ सगळे सुटले. युनियन हवी की नको यावर कामगारांचं मतदान झालं, त्यात युनियन जिंकली.

बोलणी करायला कामगारांनी डेझमंडबरोबर बर्निसलाही पाठवलं. कंपनीचा वकील तोट्याची रडगाणी गाऊ लागला. सरोवराकाठच्या नव्या बंगल्यामुळे हॅलोरनसाहेब मस्त रापलेले, तेही मान डोलावत होते. पहाटेच्या पाळीवरून थेट आलेल्या बर्निसचे डोळे मिटले आणि ती चक्क घोरू लागली.

वकील थांबला. "यांचं काय म्हणणं आहे?"

डेझमंडनं गंभीर चेहरा केला. "हेच म्हणणं आहे."

कंपनीवाले बाहेर जाऊन कुजबुजले आणि परत येऊन त्यांनी हात वर करायचा नियम मागे घेतला. पगारवाढ मात्र जेमतेमच दिली.

"जेवायची सुट्टी झाली?" बर्निसनं दचकून विचारलं.

पगारावरून डेझमंड कितीतरी दिवस धुमसत होता. "पुढच्या वेळी मी झोपणार नाही," ती त्याला म्हणे.

"नको! झोपाच तुम्ही!"

करार लागू झाला त्या सकाळी कुणालाही न विचारता ती पट्ट्यावरून निघाली. लागली वगैरे काही नव्हती. यंत्रात झाकणं भरणारी योलांडा बाथरूममध्ये आरशासमोर निवांत केस विंचरत होती.

"तुला लागली होती?" बर्निसनं विचारलं.

"छे! तुम्हाला?"

दोघी बेसिनला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहिल्या.