लंकाबाईंच्या ओव्यांचा प्रबंध

तिसगावच्या शाळेत मी हेडमास्तर असताना दयाबाई माझ्या शेजारी राहत. थोडी कोरडवाहू जमीन, रविवारची उपासना आणि पहाटेचे जाते, एवढाच त्यांचा संसार. त्यांच्या आई लंकाबाई स्वतः ओव्या रचीत. युद्धापूर्वी एक पदवीधर गृहस्थ त्या ओव्यांवर प्रबंध लिहिण्यासाठी आले, ओसरीवर बसून सगळ्या उतरवून घेतल्या आणि निघताना म्हणाले, "बाई, तुमच्या ओव्या आता विद्यापीठात अमर झाल्या."

म्हातारीने ते खरे मानले. दयाबाई ओवी शिकायला बसल्या की ती म्हणे, "कशापायी घोकतीस? मुंबईला कपाटात ठिवल्यात. लागंल तवा आनायच्या." दयाबाईंनी घोकले नाही. पुढे लंकाबाई वारल्या.

१९४६ च्या उन्हाळ्यात दयाबाईंच्या मुलीचे, फिलोमिनाचे, लग्न ठरले. हळद दळताना नवरीच्या मामाची ओवी म्हणतात. दयाबाईंच्या हळदीला लंकाबाईंनी स्वतः रचलेली ओवी म्हटली होती. तीच त्यांना लेकीसाठी हवी होती.

"मास्तर, सुटीत मुंबईला चाललाच हायसा, तर तेवढी घिऊन या. योहानमामाच्या जागी माझ्या भावाचं, आमोसचं, नाव घालते की झालं."

आईचीच ओवी होणार, असे त्यांनी गल्लीभर सांगूनही टाकले.

प्रबंध पाहावयास मागणे हा आपल्याकडे जवळजवळ अपराध आहे. ग्रंथालयात मला प्राचार्यांचे शिफारसपत्र मागितले गेले. शाळामास्तराला प्राचार्य कुठला? एका वर्गमित्राच्या ओळखीने कसाबसा आत शिरलो. प्रबंध बाहेर नेण्यास मनाई, शाईस मनाई. टंकलिखित पाने एकमेकांना चिकटलेली होती. परीक्षकांनंतर त्यांना कोणाचा हात लागला नसावा. मजकूर सगळा इंग्रजी. ओव्याही इंग्रजी. मूळ मराठीची एक ओळ नाही. ऋणनिर्देशात प्राध्यापक होते, टंकलेखक होता, कर्त्याचे सासरे होते. लंकाबाई कुठे? "तिसगावची एक निरक्षर स्त्री."

मी कर्त्याचे घर शोधून काढले. ते आता मोठे अधिकारी होते.

"मूळ कागद?" ते हसले. "पदवी मिळाल्यावर ते कोण सांभाळतो, मास्तर? आणि इंग्रजीत गेल्या म्हणून तर त्या ओव्यांना मोल आलं."

याच विद्येच्या बळावर मीही गावात मान मिळवला होता. खाली मान घालून मी जिना उतरलो.

परत आल्यावर दयाबाईंच्या ओसरीवर बसून, पेन्सिलीने उतरवलेला मजकूर मराठीत फिरवून वाचला: "वधूचे मातुल श्री. य. हे अलंकार घेऊन बैलगाडीने येत आहेत."

दयाबाईंना हसू आवरेना. "अवो मास्तर, ह्यो मामा येतोय का मामलेदार?"

मग हसू थांबले. "आईनं असं न्हवतं म्हनलं."

"नाही."

"मंग आईचं कुटं हाय?"

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

हळदीच्या दिवशी बायका जात्याभोवती जमल्या. मी अंगणात, पुरुषांत बसलो होतो. दयाबाईंनी खुंट्याला हात घातला आणि सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

आमोसची बायको म्हणाली, "वन्सं, म्हना की. मुंबईची ओवी येनार हुती न्हवं? का गाडी चुकली तिची?"

बायका खळखळून हसल्या. दयाबाईंनी दारातून माझ्याकडे एकदा पाहिले. मी उठून खरे सांगावयास हवे होते. मी उपरण्याची दशी चिवडीत राहिलो.

"आनली की मास्तरांनी," दयाबाई ठसक्यात म्हणाल्या. "समदी विंग्रजीत हाय. तुमाला काय कळनार हाय त्यातलं?"

आणि मान खाली घालून त्या जाते ओढू लागल्या. हळद दळून होईपर्यंत त्या घरात नुसती घरघर ऐकू येत होती.